दाब, ताण आणि पाणी

कार्ल्याच्या मुख्य चैत्यगृहात उभे राहून वर दृष्टी टाकली असता, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अखंड पाषाणात कोरून काढलेल्या त्या कमानदार छताला आतून सागवानी लाकडाच्या वाकविलेल्या फासळ्या बसविलेल्या दिसतात. या फासळ्यांवर वास्तविक कसलाही भार नाही. वरचे छत म्हणजे प्रत्यक्ष डोंगरच होय. तो स्वतःच्या बळावर उभा आहे, आणि फासळ्या उद्या उतरविल्या तरी त्याला काही बाध येणार नाही. तरीही त्या बसविल्या गेल्या, याचे कारण असे की त्या कारागिरांची पिढीजात विद्या लाकडी बांधकामाची होती, आणि सभागृहाचे भव्य छत म्हटले की वाकविलेल्या लाकडाच्या फासळ्या हेच रूप त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहत असल्यामुळे, दगडाच्या पोटात शिरतानाही त्यांनी ते रूप आपल्याबरोबर नेले. पदार्थ नवा, परंतु आकृती जुन्या पदार्थाची, हा प्रकार वास्तुकलेच्या इतिहासात वारंवार आढळतो, आणि नव्या पदार्थाचा स्वभाव कळावयास बहुधा कित्येक पिढ्यांचा काळ जावा लागतो.

आजच्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याला तेवढी सवड नाही. त्याच्या हाती दगड, वीट, चुना, सिमेंट, लोखंड आणि लाकूड हे सारे पदार्थ एकदमच येतात. परीक्षेसाठी त्यांचे गुणधर्म तो स्वतंत्र तक्त्यांतून पाठ करतो, आणि संकल्पचित्र काढावयास बसला की ते तक्ते बाजूला ठेवून निव्वळ आकाराच्या मागे लागतो. माझ्या मते या पाठांतरापेक्षा कोणत्याही पदार्थाला तीनच प्रश्न विचारण्याची सवय अधिक उपयोगाची आहे. हा पदार्थ दाब किती सोसतो? ताण किती सोसतो? आणि पाण्याशी त्याचे वर्तन कसे आहे? इमारतींच्या रूपांतील बहुतेक भेदांचा उगम या तीन उत्तरांत सापडतो.

दाब म्हणजे पदार्थाला दोन्हीकडून चेपणारे बल, आणि ताण म्हणजे त्याला ओढून लांबविणारे बल, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु एकाच वस्तूत दोन्ही एकाच वेळी नांदतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन टेकूंवर आडवी ठेवलेली फळी मध्यावर भार पडून वाकली की तिची वरची बाजू आखडते आणि खालची बाजू लांबते. म्हणजे वर दाब असतो, खाली ताण असतो आणि मध्ये कोठेतरी एक पातळी अशी असते की जेथे दोहोंपैकी काहीच नसते. तुळईचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभारलेले आहे. आपल्या दख्खनचा काळा बेसाल्ट दाबाला अत्यंत बलवान असतो. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र दाबशक्तीच्या सुमारे दशांश एवढीच असते. म्हणून दगडाची तुळई आडवी टाकली की ती वरून चिरडत नाही, खालून तडकते. आणि ती तडकू नये म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहारांच्या राजवटीत उभे राहिले. त्याच्या मंडपातील खांबांची दाटी आणि छतातील एकेक थर किंचित पुढे सारीत साधलेला घुमटाकार, या दोहोंकडे शिल्पवैभवाच्या दृष्टीने पाहणारे पुष्कळ असतात. परंतु दगडाला ताण सोसवत नाही, ही एकच अडचण ओळखून कारागिरांनी काढलेल्या त्या दोन तोडी आहेत, हे ज्याला दिसले त्याला त्या मंदिराचा अर्धा ग्रंथ उलगडला असे म्हणावयास हरकत नाही. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्या देवळांत चुन्याचा उपयोग न करता दगडावर दगड घट्ट बसविलेले असतात, तेही याच विश्वासावर की वरचा भार खालच्या दगडाला केवळ दाबील, त्याला ओढणार नाही.

कमानीने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. पाचरीसारखे घडविलेले दगड वर्तुळाच्या कमानीत मांडले, म्हणजे वरून येणारा भार प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्याला दाबूनच पुढे पोचवितो, आणि ताणाचा प्रसंगच सहसा येत नाही. परंतु निसर्ग असे काही फुकट देत नाही. कमानीच्या दोन्ही पायांशी बाहेरच्या बाजूस रेटा उत्पन्न होतो, आणि तो रेटा अडविण्याची तजवीज न केली, तर भिंती बाहेर सरकून कमान मध्यावर फाकते. विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पुरा झाला. त्याच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आणि एवढा प्रचंड घुमट आत एकही खांब न ठेवता चौरस दालनावर तोलून धरणे हे काम परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानींनी केले आहे. चौरसाचे कोपरे कापीत जाणाऱ्या या कमानींच्या जाळ्यावर घुमट बसतो, कमानींच्या पोटातील चिरेबंदीचे वजन आत झुकते, आणि घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या रेट्याला ते आतून आवरते. प्रतिध्वनी ऐकण्यासाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने निदान अर्धा तास त्या कोपऱ्यांकडे बघण्यासाठी राखून ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

लाकडाचा स्वभाव दगडाहून अगदी भिन्न. तंतूंच्या दिशेने ते दाबही सोसते आणि ताणही सोसते, शिवाय वजनाला हलके; म्हणून ज्या प्रदेशात साग मिळाला त्या प्रदेशात मोकळ्या दालनांची घरे झाली. पेशवाईतील वाड्यांची रचना पाहावी. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, असा हा सांगाडा असतो, आणि दोन खांबांमधील अंतराला खण म्हणून घराचा आकारच खणांत मोजला जातो. भिंती विटांच्या असोत की मातीच्या, पुष्कळ ठिकाणी त्या केवळ आडोशाचे काम करतात आणि भार सांगाड्यावर असतो. म्हणजे ज्याला आज आपण ‘फ्रेम’ची बांधणी म्हणतो, तिची कल्पना आपल्या सुतारांच्या अंगवळणी पडलेली होती. मुंबईत १८६० नंतरच्या दशकात काळाघोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत विलायतेहून ओतून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभी राहिली, तेव्हा पदार्थ नवा होता, तत्त्व नवे नव्हते. लाकडाचे वैर अग्नीशी आणि वाळवीशी. १७३२ साली पुरा झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला, आणि मुख्यतः तट व दगडी जोतीच उरली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

आता पाण्याकडे वळू. कोकण आणि गोवा येथील जांभा दगड हा त्या दृष्टीने फार बोधप्रद पदार्थ आहे. खाणीतून नुकता काढलेला चिरा इतका मऊ असतो की तो हत्याराने सहज तासता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की तो हळूहळू कठीण होतो. मलबारात अंगाडिपुरमजवळ फ्रान्सिस बुकॅनन याने हा गुण पाहून १८०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु जांभा सच्छिद्र आहे; त्याच्या पोकळ्यांतून पाणी शिरते आणि वर्षानुवर्षांच्या पावसाने त्याचा पृष्ठभाग झिजतो. म्हणूनच कोकणी घराचे छप्पर भिंतीच्या पुष्कळ बाहेर येते, आणि मोठ्या इमारतींना चुन्याचा गिलावा देण्याची वहिवाट होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीतच, मुद्दाम काढून टाकण्यात आला आणि आतील जांभा उघडा पडला. आज जगभरातून येणारे प्रेक्षक त्या तांबूस भिंतींना मूळचेच सौंदर्य समजतात. तो दगड मात्र तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात उघड्या अंगाने भिजत आहे. गिलावा हा अलंकार नसून आवरण आहे, आणि आवरण काढण्यापूर्वी आतील पदार्थाची प्रकृती विचारावी लागते.

विटेसंबंधी थोडक्यात सांगून पुढे जातो. चांगली वीट दुसऱ्या विटेवर आपटली असता खणखणीत नाद देते, तिच्यावर नखाचा ओरखडा उठत नाही, आणि २४ तास पाण्यात बुडवून ठेवली तरी सामान्य प्रतीच्या विटेने आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक पाणी पिऊ नये असा दंडक आहे. बांधण्यापूर्वी वीट भिजवितात ती धूळ धुण्यासाठी नव्हे. कोरडी वीट सांध्यातील मालाचे पाणी शोषून घेते, आणि पाण्यावाचून माल घट्ट होत नाही, म्हणून.

सांध्यातील माल हा विषय मात्र घाईने उरकण्याजोगा नाही. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेला भाजली, म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि शंभर भाग शुद्ध चुनखडीतून ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळतो, फुगतो, फुटतो आणि विरतो. असा विरलेला चुना भिंतीत गेल्यावर हवेतील तोच वायू पुन्हा हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडापासून निघून दगडापाशीच पोचणारा हा पदार्थ आहे. त्यात अडचण एवढीच की जाड भिंतीच्या गाभ्यात हवा पोचावयास फार काळ लागतो. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळली, अथवा मातीचा अंश असलेला कंकर भाजून त्याचा चुना केला, तर त्यातील वालुकामय द्रव्य चुन्याशी संयोग पावते आणि तो हवेवाचूनही घट्ट होतो. सुरखी, वाळू आणि चुना बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली दीर्घकाळ मळीत. त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर अशी द्रव्ये घालण्याची चाल ठिकठिकाणी होती.

चुना सिमेंटइतका बलवान नाही, आणि त्यातच त्याचा मोठा गुण आहे. जुनी भिंत ऋतुमानाप्रमाणे किंचित हलते, जमिनीतून ओल वर चढते. चुन्याचा सांधा ती हालचाल अंगावर घेतो आणि ती ओल बाहेर जाऊ देतो. अशा भिंतीवर डागडुजीच्या नावाखाली सिमेंटचा कठीण, घट्ट गिलावा चढविला, की ओल आतच कोंडते, क्षार विटेच्या पोटात स्फटिक धरतात आणि गिलाव्यामागे वीट भुसभुशीत होऊन जाते. आपल्या शहरांतील कित्येक वाड्यांची हानी काळाने केली त्याहून अशा दुरुस्तीने अधिक केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि जुन्या इमारतीचे अंदाजपत्रक करणाऱ्याने चुन्याचे कलम केवळ गवंडी मिळत नाही या सबबीवर वगळू नये.

सिमेंटची कथा १८२४ साली सुरू होते, जेव्हा इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. हिंदुस्थानात पोरबंदर येथे १९१४ च्या सुमारास त्याचे उत्पादन मार्गी लागले. चुनखडी आणि मातीचे मिश्रण सुमारे १,४५० अंशांपर्यंत भाजून होणारे खडे दळावयाचे, आणि ते लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात थोडे जिप्सम मिसळावयाचे, ही त्याची कृती. परंतु विद्यार्थ्याने याहून महत्त्वाची एक गोष्ट मनावर बिंबवून घ्यावी. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते, आणि हा संयोग चालू राहण्यास पाणी अवश्य असते. म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होते, आणि उन्हात लवकर वाळले तर उलट कच्चे राहते. निदान सात दिवस, आणि उष्ण, कोरड्या हवेत दहा दिवस, स्लॅबवर पाणी टिकवून ठेवावे असे मानक सांगते ते याचसाठी. इमारतीच्या जागी ‘पाणी मारणे’ हे काम बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे सोपविलेले असते. वस्तुतः ठरलेले बळ पुरे येणे न येणे पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते.

याउलट मिश्रणात घालण्याच्या पाण्याचा हिशेब अगदी काटेकोर हवा. सिमेंटशी प्रत्यक्ष संयोग पावणारे पाणी त्याच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश असते. माल साच्यात नीट बसावा म्हणून त्याहून अधिक घालावे लागते, आणि ५० किलोच्या एका पोत्याला साधारणतः २२ ते २५ लिटर पुरते. माल लवकर पसरावा म्हणून कोणी अदमासाने आणखी एखादे घमेले ओतले, की ते जादा पाणी कालांतराने उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे ठेवते. १९१८ साली अमेरिकेत डफ एब्रॅम्स याने दाखवून दिले की सिमेंटच्या मानाने पाणी जसजसे वाढते तसतशी काँक्रीटची शक्ती घटत जाते. आजचा एम-२० हा निर्देशही अशाच हिशेबाचा आहे. १५ सेंटिमीटर बाजूच्या घनाने २८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसावा, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु काँक्रीट हा अखेर ओतलेला दगडच. दाबाला शूर, ताणाला दुर्बळ. त्याच्या पोटात लोखंड घालण्याची युक्ती फ्रान्समधील जोसेफ मोनिए या बागवानाने झाडांच्या कुंड्या बळकट करण्यासाठी योजिली आणि १८६७ साली तिचा हक्क मिळविला. पुढे फ्रांस्वा एनेबिक याने १८९२ साली खांब, तुळई आणि स्लॅब यांची एकजीव बांधणी सिद्ध केली. हे लग्न जुळले ते दोन सुदैवी योगांनी. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे ऊन-थंडीने त्यांची ताटातूट होत नाही. आणि सिमेंटच्या क्षारधर्मी द्रव्यात लोखंड गंजत नाही. जेथे ताण तेथे सळई, हा यातील मुख्य नियम. साध्या स्लॅबच्या मध्यभागी सळया तळाशी असतात, परंतु भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्याला ताण वरच्या बाजूला पडतो, म्हणून तेथे त्या वर असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या सळया दाबल्या जाऊन खाली गेल्या, तर नकाशा निर्दोष असूनही सेंटरिंग काढताच छज्जा कोसळण्याचा धोका असतो.

आणि येथेही पाणी आपला हक्क सोडीत नाही. हवेतील कर्बवायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून त्याचा क्षारधर्म नाहीसा करतो. समुद्रकाठी खारी हवा त्याहून लवकर सळईपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते, आणि ती जागा मिळविण्यासाठी आतूनच काँक्रीट फोडते. मुंबईच्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या छतांचे जे पोपडे सळयांसह लोंबताना दिसतात त्यांचे कारण हेच. सळईवरील काँक्रीटचे आवरण घरातील कोरड्या जागी २० मिलिमीटर पुरे असले, तरी किनाऱ्यावर उघड्या पृष्ठभागाला भारतीय मानक ४५ मिलिमीटर आवरण, निदान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सिमेंटच्या ०.४५ पटीहून अधिक नसलेले पाणी सांगते. हे आकडे दप्तरी कामाचे म्हणून दुर्लक्षू नयेत. इमारतीचे आयुष्य त्या दोन-अडीच सेंटिमीटरांच्या फरकात असते.

शेवटी एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. त्या गावांतील भिंती दोन-अडीच फूट आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे त्या भक्कम होत्या. परंतु त्या भिंतीच्या आतल्या बाजूचा एक थर, बाहेरच्या बाजूचा एक थर आणि मध्ये दगडगोटे व माती, अशी त्यांची रचना होती. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच होते. मातीच्या सांध्याला ताण मुळीच सोसवत नाही. जमीन आडवी हलताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि पडले. त्यांवर माळवदाचा भार आला. दीड फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो होते, तर पाच इंची काँक्रीट स्लॅबचे सुमारे ३००, एवढ्यावरून त्या भाराची कल्पना यावी. काही घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर असल्यामुळे भिंती ढासळल्या तरी छप्पर तोलून राहिले. दगड दोषी नव्हता, मातीही नव्हती. त्यांना एकत्र बांधणारा, ताण सोसणारा पदार्थ तेथे नव्हता. आरपार दगड, कोपऱ्यांतील सांधेजोड आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा, एवढ्या गोष्टींनी असे घर पुष्कळच सुरक्षित होते, आणि त्यांचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो.

अशी दगडमातीची घरे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात आजही गावोगाव उभी आहेत. वास्तुविद्या शिकणारा विद्यार्थी सुटीत गावी गेला, तर त्याने आपल्या आजोबांच्या घराची भिंत एकदा नीट पाहावी, आरपार दगड दिसतात का ते तपासावे, माळवदावर दरवर्षी चढत गेलेल्या मातीची जाडी मोजावी, आणि ती फाजील असेल, तर जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने येत्या पावसाळ्यापूर्वी उतरविण्यास वडीलधाऱ्यांचे मन वळवावे.